बैठक पुढं गेली, रद्दी निघून गेली : संज्ञापनाच्या पीएच.डी.बद्दल सातारा-सांगलीहून अनावृत पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, मा. अधिष्ठाता, संशोधन मान्यता समितीचे सर्व सदस्य आणि पीएच.डी. विभाग

विषय : पत्रकारिता व जनसंज्ञापन विषयातल्या पीएच.डी.च्या जागा, मुदती आणि पद्धती

स.न.वि.वि.

यंदाच्या रिक्त जागांच्या तक्त्यात आमच्या विषयासमोर शून्य छापून आलं आहे. खाली टीप नाही, कारण नाही, पुढची फेरी कधी याचा उल्लेख नाही. ज्या विषयाचं कामच सांगणं आणि कळवणं, त्याच्याबद्दल काही कळवायचं राहून जावं यातली गंमत आम्हांला कळते, पण हसू येत नाही.

विद्यापीठाचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांना ते आहे त्यांना पोचेल. शेजारच्या विद्यापीठातल्या कुणाला वाचताना ते आपलंच वाटलं, तर तेही आमच्या पथ्यावर पडेल. पत्र लिहिणारे आम्ही सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले लोक आहोत : या विषयात नोंदणी झालेले संशोधक, महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे अध्यापक, आणि दिवसभर बातमी करून रात्री प्रकरण लिहिणारे वार्ताहर. अर्ज झाले, स्मरणपत्रं झाली. आमच्याकडं आवक क्रमांकांची यादी आहे. जावक क्रमांक एकही नाही. म्हणून हे उघड पत्र.

आमचं म्हणणं मुळात एकच आहे. पीएच.डी.चे नियम सगळ्या विषयांना सारखे आहेत, ते असू द्यात. पण आमच्या विषयाचं साहित्य नाशिवंत आहे, मंडईतल्या पालेभाजीसारखं. ताम्रपट आणखी वर्षभर कळ काढतो. जिल्हा दैनिकाच्या पुरवणीला तेवढी कळ निघत नाही. अनेक वाचनालयं मुख्य अंक बांधून ठेवतात आणि सातारा किंवा सांगलीची चार पानं सुटी म्हणून रद्दीत जातात. ई-पेपरचे मागचे अंक किती दिवस दिसतील हे मालकाच्या सर्व्हरच्या भाड्यावर अवलंबून. व्हॉट्सॲपवर संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय आहे : २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. फेसबुकवरच्या सार्वजनिक पानांचा माग काढायला संशोधक क्राउडटँगल हे साधन वापरत; मेटानं ते १४ ऑगस्ट २०२४ ला बंद केलं. ट्विटरनं संशोधकांसाठीची मोफत वाट २०२३ मध्येच बंद केली होती. त्या साधनांवर उभा केलेला आराखडा समितीच्या टेबलावर पडून राहिला, तर मंजुरी येईपर्यंत पद्धतीचं प्रकरण कालबाह्य झालेलं असतं. मग शीर्षक बदला, पुन्हा समितीपुढं या, पुन्हा थांबा.

आणि पाणी. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या पुरात सांगलीतल्या जुन्या वाचनालयात पाणी शिरलं, ग्रंथ भिजले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. ‘फायली कुठं पळून जातात, सावकाश बघू’ हे वाक्य नदीकाठच्या गावात बोलायचं नसतं.

आता गाऱ्हाणी. सगळी सारख्या वजनाची नाहीत. जिथं जास्त दुखतं तिथं जास्त लिहिलं आहे.

१. शून्य कुठून येतं

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नोव्हेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणं एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. गाइड होण्यासाठी कायम नेमणूक हवी, पीएच.डी. हवी, आणि समीक्षित नियतकालिकांत प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापकाचे किमान पाच, सहायक प्राध्यापकाचे किमान तीन शोधनिबंध हवेत. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. नियम रास्त आहेत. पण ज्या विषयात कायम शिक्षकच बोटांवर मोजण्याइतके, तिथं एक निवृत्ती जवळ आली की सगळा तक्ता कोसळतो. शिकवण्याचा भार तासिका तत्त्वावरच्या माणसानं उचलायचा. तो स्वतः पीएच.डी. असला तरी गाइड होऊ शकत नाही.

आणखी एक गाठ आहे. प्रबंध सादर करून मौखिकीची, म्हणजे तोंडी परीक्षेची, वाट पाहणारा संशोधक गाइडच्या यादीत तसाच राहतो. त्याचं काम संपलं, पण जागा मोकळी होत नाही. म्हणजे परीक्षकाच्या अहवालाला झालेला उशीर हा पुढच्या उमेदवाराच्या प्रवेशाला झालेला उशीर असतो. तक्त्यावर मात्र दोन्हीचा मिळून एकच आकडा : ०.

यावर तोडगा नियमांतच आहे. आंतरविद्याशाखीय विषयाला दुसऱ्या विभागातला, दुसऱ्या संस्थेतलाही सहमार्गदर्शक घेता येतो. पुराच्या काळातल्या अफवांवर काम करायचं तर समाजशास्त्राचा, जुन्या नियतकालिकांवर करायचं तर इतिहासाचा किंवा मराठीचा. सध्या होतं ते उलटं. उमेदवार स्वतःच मराठीकडं किंवा समाजशास्त्राकडं सरकतो, आणि ‘जिल्हा वार्ताहराची कामाची परिस्थिती’ हा विषय मंजूर होता होता ‘ग्रामीण वार्तापत्रांची भाषाशैली’ होऊन बसतो. भाषाशैली हा चांगला विषय आहे. फक्त तो त्याचा नव्हता.

२. नेटचे गुण एका वर्षाचे, प्रवेशफेरी कधीची?

जून २०२४ पासून नेटच्या (राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) गुणांवर पीएच.डी.चा प्रवेश देण्याची मुभा यूजीसीनं दिली. फेलोशिप न मिळालेल्या दोन्ही गटांसाठी (सहायक प्राध्यापक व पीएच.डी.ला पात्र, आणि फक्त पीएच.डी.ला पात्र) नेटचे ७० टक्के आणि मुलाखतीचे ३० टक्के धरायचे, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. नेट वर्षातून दोनदा होते. विद्यापीठाची फेरी मात्र ‘होईल’. त्या वर्षात फेरी निघाली नाही तर गुण वाया, पुन्हा परीक्षा. पत्रकारितेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते; मराठीत पदव्युत्तर शिक्षण घेऊन, मराठीत बातमी लिहून दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाला हा गड दरवर्षी नव्यानं चढायचा असतो. त्यात काही हशील असेल तर आम्हांला समजावून सांगावं.

३. नाहरकत कुणाची?

अर्धवेळ पीएच.डी. नियमांत बसते. त्यासाठी नोकरी देणाऱ्याचं पत्र लागतं, आणि त्यात तीन गोष्टी हव्यात : अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (सुरुवातीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) मोकळं केलं जाईल. बँकेतल्या किंवा सरकारी नोकरीतल्या माणसाला हे पत्र आठवड्यात मिळतं. आता दहिवडीच्या किंवा आटपाडीच्या वार्ताहराचं बघा. नेमणूकपत्र नाही, वेतनचिठ्ठी नाही, मानधन बातमीवर किंवा जाहिरातीच्या कमिशनवर. ज्या कागदावर ‘आपला कर्मचारी’ असं लिहावं लागतं तो कागद कुठलंही व्यवस्थापन हातचा देत नाही. उद्या तोच पुरावा होऊन समोर आला तर? पत्र मागायला गेलेल्याचं आहे ते कामही सुटू शकतं.

पूर्णवेळ नोंदणी करावी तर रोज केंद्रावर हजेरी. म्हणजे या विषयात प्रत्यक्ष काम करणाऱ्यालाच या विषयात संशोधन करायची वाट बंद. अशा उमेदवाराला ‘स्वयंरोजगारित’ समजून स्वतःचं प्रतिज्ञापत्र आणि गाइडची शिफारस चालवावी. विद्यापीठाच्या अधिकारात बसत नसेल तर यूजीसीला विचारावं, आणि विचारल्याचं पत्र आम्हांला दाखवावं.

४. घड्याळ कुणाच्या मनगटावर

पीएच.डी.ला किमान तीन वर्षं आणि कमाल सहा, प्रवेशाच्या तारखेपासून. पुनर्नोंदणीनं आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, एकूण दहाच्या आत. महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. ही तरतूद खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

पण मोजणी प्रवेशापासून सुरू होते. गाइड मिळणं, कोर्सवर्क, त्याचा निकाल, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा), समितीची बैठक, बैठकीचं इतिवृत्त, इतिवृत्तावरची सही, मग शीर्षक-मंजुरीचं पत्र : हे सगळे टप्पे संशोधकाच्या सहा वर्षांतून वजा होतात. पत्र हातात येईपर्यंत माहिती गोळा करू नका, अशी तोंडी ताकीद असते. कारण विचारलं की ‘शीर्षक बदललं तर?’ शीर्षक बदलू दे की. पुराच्या आठवड्यातले अंक तरी पुन्हा छापले जाणार नाहीत.

उदाहरण घ्या. सांगलीत पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळच्या पाण्याची पातळी फुटांत सांगतात; ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. दर तासाला तो आकडा प्रशासनाच्या संदेशातून, आकाशवाणीवरून, स्थानिक यूट्यूब वाहिन्यांवरून आणि गल्लीच्या ग्रुपवरून फिरतो. वाटेत तो बदलतो. कालचा फोटो आजचा म्हणून येतो, कुणीतरी धरणाच्या विसर्गाचा आकडा पातळीला चिकटवतो. आपत्तीच्या वेळच्या संज्ञापनाचा अभ्यास करायला यापेक्षा चांगलं क्षेत्र शोधून सापडायचं नाही. पण ते जुलै-ऑगस्टमध्येच गोळा करावं लागतं. समितीची बैठक दिवाळीनंतर.

गोळा करायची रीतही अवघड नाही. प्रत्येक नोंदीला मूळ दुवा, पाहिल्याची तारीख आणि वेळ, पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट, व्हिडिओ असेल तर त्याची प्रत, आणि कुणी नोंदवलं त्याचं नाव. सार्वजनिक पान असेल तर वेबॅक मशीन या वेबपानांच्या सार्वजनिक साठ्यावर ठेवून तिथला दुवा. सगळ्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या गावी ठेवलेल्या. पहिल्या दिवसापासून केलं तर फारसं काम नाही. दोन वर्षांनी करायला बसलं तर निम्मे दुवे मेलेले.

५. कोर्सवर्क आणि ३८४ नावाचं दैवत

कोर्सवर्क किमान १२ आणि कमाल १६ श्रेयांकांचं, त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा पाठ. उत्तीर्ण व्हायला ५५ टक्के. चौकट ठीक आहे. आत काय भरतात? वाणिज्य, शिक्षणशास्त्र, आमचा विषय असे सगळे एका वर्गात बसवून एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरची बटणं. आशय-विश्लेषण (मजकुराची वर्गवार मोजणी), अभिलेखागारातलं काम, रेडिओ श्रोत्यांचा अभ्यास, समाजमाध्यमांवरून माहिती घेणं यांतलं काही नाही. तेही सोमवार ते शुक्रवार, दुपारी. जतहून किंवा म्हसवडहून येणाऱ्याची त्यात एसटीतच संध्याकाळ होते.

न शिकवल्याचे परिणाम सिनॉप्सिसमध्ये दिसतात. सर्वेक्षणाचा नमुना ३८४ जणांचा. का ३८४? कारण नमुन्याच्या छापील तक्त्यात आहे. तो आकडा येतो ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के त्रुटी धरून, आणि तोही यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा, नमुना असेल तरच. ओळखीच्या तीन ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून ३८४ उत्तरं जमवली तर तो आकडा नुसती शोभा. शिवाय शीर्षकात ‘तालुकानिहाय तुलना’ असेल तर? सातारा जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. ३८४ ला अकरानं भागलं की तालुक्याच्या वाट्याला पस्तीसएक माणसं येतात, आणि तिथं त्रुटी साडेसोळा टक्क्यांच्या घरात जाते. त्यावर कोरेगाव आणि खटावची तुलना उभी करणं म्हणजे वाळूवर माडी बांधणं. समितीत हे कुणी विचारत नाही. विचारतात ते ‘शून्य परिकल्पना (फरक किंवा संबंध नाही असं धरून आकड्यांनी तपासायचं विधान) कुठं आहे?’ दहा संपादकांच्या दीर्घ मुलाखतींवरच्या अभ्यासालाही शून्य परिकल्पना. ती मग मारून मुटकून लिहिली जाते.

वृत्तपत्रांच्या नमुन्याचंही तेच. सलग एक आठवडा घेतला की त्या आठवड्यातली घटनाच सगळं व्यापते, मग ती गणेशोत्सव असो की ऊसदराचं आंदोलन. म्हणून ‘रचित सप्ताह’ करतात : वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठीनं एक, सगळ्या मंगळवारांतून एक, असं रविवारपर्यंत. दैनिकाच्या एका वर्षासाठी असे दोन सप्ताह, म्हणजे चौदा अंक, बऱ्यापैकी पुरतात हे १९९३ मध्ये दाखवलं गेलं आहे. पण पुरासारख्या घटनेला ही रीत लावली तर पूरच चाळणीतून गळून जातो. तिथं त्या महिन्याचे सगळे अंक घ्यावे लागतात. कुठं कुठली चाळण, हेच कोर्सवर्कमध्ये शिकायचं असतं.

मग बातम्यांची वर्गवार नोंद. बातमी कुठल्या खात्यात टाकायची हे किमान दोघांनी, एकमेकांचं न बघता, ठरवायला हवं. सुरुवातीला साधारण दहा टक्के नमुन्यावर. दोघांचं किती जुळलं याची टक्केवारी पुरेशी नाही. शंभरातल्या नव्वद बातम्या ‘इतर’मध्ये असतील, तर डोळे मिटून सगळीकडं ‘इतर’ लिहिणाऱ्या दोघांचं शंभर टक्के जुळेल. म्हणून योगायोगानं जुळलेलं वजा करणारा क्रिपेनडॉर्फचा अल्फा हा निर्देशांक काढतात, ०.८० च्या वर असेल तर भरवसा, ०.६६७ पर्यंत जपून निष्कर्ष, त्याखाली असेल तर खात्यांच्या व्याख्या पुन्हा लिहायच्या. इथं एकच माणूस, म्हणजे संशोधक स्वतः, सगळ्या बातम्या नोंदवतो आणि प्रबंध पुढं सरकतो. दुसऱ्या नोंदणाराला मानधन कुठून द्यायचं? नेटच्या फेलोशिपधारकाला मानव्यविद्यांत आकस्मिक खर्चापोटी पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपये मिळतात. अर्धवेळ संशोधकाला काहीच नाही.

६. मराठी, फॉन्ट आणि साम्याची टक्केवारी

यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनी प्रबंधाच्या इतर लिखाणाशी असलेल्या साम्याचे टप्पे ठरवले : १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत दुरुस्त करून द्या, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. अवतरणं, संदर्भसूची आणि सलग १४ शब्दांपर्यंतची सामान्य जुळणी वगळायची असते. वगळणीची ही खूण साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लावली की नाही, हे अहवालाच्या पहिल्या पानावर दिसायला हवं. आमच्या प्रबंधात बातम्यांचे मथळे आणि उतारे पानोपानी असतात, कारण तेच अभ्यासाचं साहित्य. वगळणी न लावता चालवलं की प्रामाणिक प्रबंध पंचवीस टक्क्यांवर जातो.

उलट टोकाची गोष्ट जास्त गंभीर आहे. वृत्तपत्रांच्या कार्यालयांत वर्षानुवर्षं श्रीलिपीसारखे फॉन्ट चालले. त्यात टंकलेला प्रबंध यंत्राला मराठी म्हणून दिसतच नाही. त्याला रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. साम्य शून्य टक्के! प्रमाणपत्र झकास. युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना कळणाऱ्या सामायिक अक्षरपद्धतीत) असला तरी ज्या जुन्या मराठी ग्रंथातून उतरवलं तो ग्रंथ कुठं डिजिटल नसेल तर साम्य सापडणार नाही, आणि इंग्रजीतून मराठीत आणलेलं तर नाहीच. म्हणजे या आकड्यावर मराठी प्रबंधाची चोरी पकडली जात नाही आणि सचोटीही सिद्ध होत नाही. मराठी वाचणाऱ्या माणसानं वाचावं लागतं, याला पर्याय नाही.

युनिकोडची सक्ती करा, आमचा पाठिंबा आहे. पण रूपांतर करताना रफार सरकतात, जोडाक्षरं फुटतात, आणि अर्धा ‘ऱ्’ हमखास मरतो. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द सातारा-सांगलीच्या कुठल्याही प्रबंधात पानावर दोनदा येतो. प्रत्येक ठिकाणी हातानं दुरुस्ती. त्यासाठी सादरीकरणाच्या आदल्या महिन्यात नव्हे, नोंदणीच्या दिवशीच एका पानाची टंकलेखन-सूचना द्या : कुठला फॉन्ट, कुठला कळफलक, उतारे कसे दाखवायचे.

७. शोधनिबंध

२०२२ च्या नियमांनी प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची अट काढली. यूजीसीनं मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं. तरी ‘दोन पेपर आणा’ हे चालूच आहे. यादी नाही, अट कागदावर नाही, मागणी मात्र आहे. मग पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्यांचं फावतं. अट असेल तर लेखी द्या, नसेल तर नाही म्हणून लेखी द्या.

८. परिशिष्टातले मोबाइल नंबर

प्रबंध शेवटी शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, जातो, जगाला दिसतो. आणि सर्वेक्षण खरंच झालं हे दाखवायला उत्तरं देणाऱ्यांची यादी नावं, गावं आणि मोबाइल क्रमांकांसह परिशिष्टात जोडायला सांगितली जाते. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. तो नसता तरी हे बरोबर नव्हतं. मालकाच्या दबावाबद्दल बोललेल्या वार्ताहराचं नाव तसं छापलं तर पुढच्या संशोधकाशी कोण बोलेल?

नाव झाकूनही भागत नाही. माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग हा ९०.४ मेगाहर्ट्झचा सामुदायिक रेडिओ २००८ पासून आहे; जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे. ‘सामुदायिक रेडिओवरची एक निवेदिका, वय अमुक, गाव अमुक’ एवढं लिहिलं की त्या तालुक्यात सगळ्यांना कळतं कोण ते. छोट्या जिल्ह्यात ओळख नावापेक्षा तपशिलातून फुटते. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, ‘मध्येच थांबता येईल’ हे ठळक लिहिलेलं हवं. आणि ते तपासायला आमच्या विद्याशाखेची नीतिसमिती हवी. पुरावा म्हणून यादी हवी असेल तर ती बंद पाकिटात गाइडकडं ठेवा.

९. मौखिकी

प्रबंध दिल्यापासून मौखिकीच्या निकालापर्यंत सहा महिन्यांत सगळं उरकावं, असं नियम सांगतात. याहून जास्त आम्ही काय लिहिणार?

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण ‘जिल्ह्याच्या गावी संज्ञापनात संशोधन करण्यासारखं आहे काय?’ हा प्रश्न मुलाखतीत विचारला जातो. किर्लोस्करवाडीच्या माळावरून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. कारखान्याच्या आवारातून मराठी मध्यमवर्गाचं वाचन घडवणारी ही नियतकालिकं कशी वाटली जात, वर्गणीदार कुठले, जाहिराती कुणाच्या, यावर एक प्रबंध पुरणार नाही. १९४३ ते १९४६ मध्ये इथं प्रतिसरकार चाललं. बंदी असताना निरोप कसे पोचत, हा संज्ञापनाचाच प्रश्न आहे. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ चं. या सगळ्याला कागद लागतात, आणि ते शोधणाऱ्याला एक साधी गोष्ट ठाऊक हवी : आजचा सांगली जिल्हा १९४९ पर्यंत बराचसा सातारा जिल्ह्यात आणि बाकीचा सांगली, मिरज, जतसारख्या संस्थानांत होता, १९४९ ते १९६० तो ‘दक्षिण सातारा’ होता. ‘सांगली’ नावाखाली फाइल मागणारा रिकाम्या हातानं परततो. हे सांगणारे गाइड, ग्रंथपाल, निवृत्त शिक्षक अजून आहेत. त्यांनाही मुदत आहे.

मागण्या

पहिली आणि सगळ्यांत निकडीची : नोंदणी होताच, तीस दिवसांत, गाइड आणि संशोधन सल्लागार समितीच्या सहीनं ‘पूर्वसंकलन परवानगी’ द्यावी. शीर्षक पुढं बदललं तरी तोवर गोळा केलेलं साहित्य ग्राह्य धरावं. याला पैसा लागत नाही, पद लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

दुसरी : शून्याचा हिशेब द्यावा. गाइडनिहाय तक्ता संकेतस्थळावर टाकावा : मंजूर जागा, चालू संशोधक, प्रबंध दिलेले, मौखिकी बाकी. प्रबंध सादर झाला की जागा रिकामी धरावी, आणि सहमार्गदर्शकासाठी इतर विभागांची नावं जाहीर करावीत.

तिसरी : संशोधन मान्यता समितीच्या वर्षाच्या बैठकांच्या तारखा जूनमध्येच जाहीर व्हाव्यात. बैठक पुढं गेली तर तितके दिवस संशोधकाच्या मुदतीत मिळावेत. यूजीसीच्या कमाल मर्यादेमुळं ते जमत नसेल, तर बैठक पुढं ढकलू नये.

चौथी : माध्यम-संशोधन पद्धतींचा चार श्रेयांकांचा पाठ. साठ तास होतात. सहा-सहा तासांचे दहा शनिवार, सातारा किंवा सांगलीच्या संशोधन केंद्रावर. शिकवायला माणसं याच दोन जिल्ह्यांत आहेत, यादी आम्ही देतो.

पाचवी : नेटचे गुण हातात असलेल्यांची वर्षाची मुदत संपण्याआधी प्रवेशफेरी. वार्ताहरांसाठी नाहरकतीला पर्याय. शोधनिबंधाबाबत लेखी खुलासा. परिशिष्टातून वैयक्तिक क्रमांक आजपासून बंद, आणि जुन्या प्रबंधांतली ती पानं झाकण्यासाठी शोधगंगेकडं विनंती.

उत्तर व्यक्तिशः नको, संकेतस्थळावर हवं. यातल्या ज्या मागण्या मान्य नसतील त्यांच्यासमोर ‘अमान्य’ असं लिहिलं आणि एक ओळ कारण दिलं तरी चालेल.

आपले,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले संज्ञापन विषयाचे संशोधक, अध्यापक आणि वार्ताहर

सोबत :
१) आवक क्रमांकांची यादी, तारखांसह
२) पूर्वसंकलन परवानगीच्या परिपत्रकाचा कच्चा मसुदा, एक पान
३) मराठी संमतीपत्राचा नमुना
४) साठ तासांच्या पाठाचं वेळापत्रक